कांचनाचा रंग

१२ मार्च

चिमणे,

आशीर्वाद. पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. अक्षर मोठं आलंय त्याला हसू नकोस. नवं जाड पेन आणलंय, ते अजून हाताला बसत नाही.

फुलं विचारलीस, म्हणून आधी तीच. मागच्या दारचा मोगरा भरून आलाय. कडी काढायच्या आधीच वास घरात शिरतो. कोपऱ्यावरचा कडुलिंब मोहरलाय, खालून गेलं की केसांत बारीक फुलांचा सडा. आणि शाळेच्या भिंतीमागे शिरीष आहे! इतकी वर्षं त्या रस्त्याने भाजी आणली, पण पत्ता नव्हता. परवा वास आला आणि थांबलेच. नाकाने ओळखण्यात मी आता पटाईत झालेय.

समोरच्या बेकरीवाल्याच्या बायकोने फाटकावर बोगनवेल चढवलीय. ती माहेरी गेली, तेव्हा शेजारधर्म म्हणून मी रोज पाणी घातलं. वेलीचं कौतुकही केलं, एवढ्या उन्हात एक फूल गळत नाही म्हणून. बाई परतली ती फाटकातच थबकली.

"अहो ताई, हे काय करताय? प्लास्टिकची आहेत ती!"

"माहितीये मला. धूळ धुतेय."

आता घरातल्या फुलदाण्याही धुवायला माझ्याकडे पाठवते. हस, पोट धरून हस. मीही तिच्यासमोर हसले. घरात आल्यावर मात्र बराच वेळ नुसती बसून राहिले.

वळणावरच्या आपल्या कांचनाला यंदा पहिल्यांदा फुलं आलीत. रोप देताना माळ्यालाच रंग ठाऊक नव्हता. तू गुलाबी म्हणालीस, मी पांढरा, आणि त्यावरून घरी येईपर्यंत भांडलो. गेल्या पत्रात तू रंग विचारलास आणि मी शिताफीने मोगऱ्यावर गेले. झाडाखाली मी रोज जाते. पानाची खाच बोटांना लागते, खाली पडलेल्या पाकळ्या चपलेला चिकटतात. डोळ्यांजवळ धरल्या तरी रंग तेवढा कळत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारता आलं असतं, पण ते दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं नव्हतं.

तर ते असं आहे. मोतीबिंदू असेल, काढला की झालं, या भरवशावर मी होते. निघाला काचबिंदू. डावा डोळा गेल्यात जमा आहे. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. उजव्यात उरलीय तेवढी राखायची, म्हणून पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया. सुईत दोरा जाईना तेव्हाच शिवणाचं मशीन झाकून ठेवलं.

घराचं रंगकाम काढलंय, इतक्यात येऊ नकोस, असं तुला दोनदा लिहिलं. कसलं रंगकाम! भिंतीला ब्रश लागलेला नाही. तू आली असतीस तर मी कपात चहा ओतताना पाहूनच ओळखलं असतंस. तू रडशील, मग मीही रडेन, म्हणून टाळत होते. पण मला भीती वाटते गं. दवाखान्यात एकटीने जायची, आणि पट्टी काढल्यावर समोर कोण आहे ते न कळण्याची.

शस्त्रक्रियेआधी ये. त्या झाडाखाली मला उभी कर आणि रंग सांग. गुलाबी असेल तर हरले म्हणेन. मला बरं वाटावं म्हणून पांढरा मात्र म्हणू नकोस.

तुझी वाट बघणारी (बघणारी हा शब्द मुद्दाम लिहिलाय),

ताई