टाकावरचं बोट

बाई,

त्या पोरीनं ज्या टाकावर बोट ठेवलं, तो टाक तिच्या आईनं कधी पाहिलाही नव्हता. मला हे तेव्हाच ठाऊक होतं. तुम्हाला नव्हतं. सांगायचं आहे ते एवढंच, पण एवढ्यावर काही कळणार नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

तुम्ही रेवदंड्याला आलात तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. फायनलची परीक्षा देऊन घरी बसले होते. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती आणि गावोगाव काहीतरी नवं सुरू करायची घाई होती. आमच्या वाट्याला बालवाडी आली आणि तुमच्या हाताखाली मला घेतलं. जागा मिळाली ती सुक्या मासळीच्या वखारीची पडवी. तुम्ही बडोद्याच्या. तुम्हाला तो वास सहन होईना. पहिले आठ दिवस तुम्ही नाकाला पदर लावून गाणी शिकवलीत. मग मुलंही नाकावर हात धरून गाऊ लागली. त्यांना वाटलं, गाणं असंच म्हणायचं असतं. तुम्ही हसलात आणि पदर काढलात. त्यानंतर तुम्हाला वासाबद्दल बोलताना मी ऐकलं नाही.

मुलं घरी गेल्यावर तुमचं खरं काम सुरू व्हायचं. ज्यांना आया उशिरा न्यायला येत, ती पोरं आणि त्यांची कडेवरची भावंडं तुम्ही थांबवून घ्यायचात. तीन करवंट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली मुलाच्या देखत चिंचोका ठेवायचा, वर फडकं टाकायचं, दहापर्यंत मोजायचं, आणि फडकं काढून मुलाकडे नुसतं बघायचं. सात-आठ महिन्यांच्या बाळाला चिंचोका झाकला की तो जगातूनच गेल्यासारखा असायचा. सव्वा वर्षाचं पोर शोधायचं, पण पुष्कळदा कालच्या करवंटीखाली. दोन वर्षांचं पोर दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या बरोबर त्या करवंटीकडे धावायचं. तुम्ही सगळं वहीत लिहायचात. मासळी उलटायला आलेल्या बाया दारातून बघायच्या. एक म्हणाली होती, "बाय, पोरांना अक्षरं शिकवाल म्हनून धाडली, तुमी तर जुगार शिकवताव!" तुम्ही तिला म्हणालात, "बसा, तुमचाही डाव मांडते." ती बसली आणि हरली.

मोठ्या मुलांना तुम्ही जुन्या गोष्टी विचारायचात. चार वर्षांच्या एका मुलानं बापाची नवी होडी पाण्यात ढकलली त्या दिवसाचं सगळं सांगितलं: नारळ कुणी फोडला, कोण घसरून पडलं, कोण हसलं. तुम्ही भराभर लिहून घेतलंत. त्याची आई शेजारी जवळा निवडत होती. ती म्हणाली, "तवा ह्यो पोटात होता माज्या." मुलगा चिडून रडायला लागला. त्याला ते दिसत होतं. तुम्ही त्याला खोटं ठरवलं नाहीत. संध्याकाळी मला एवढंच म्हणालात, की मुलाला आपण होऊन शब्द द्यायचे नाहीत. एकदा दिले की ते त्याचे होतात, आणि मग आपले कुठले, त्याचे कुठले, हे त्यालाही काढून दाखवता येत नाही. बोलता येण्याआधीचं मूल पुढे सांगू शकत नाही, पण म्हणून ते गेलं असं समजू नकोस, असंही म्हणालात. दहा महिन्यांचा असताना कंदिलाच्या काचेवर हात भाजलेला एक मुलगा होता. तीन वर्षांचा झाला तरी तो कंदिलापासून हात मागे घ्यायचा. का, ते त्याला सांगता येत नव्हतं.

वहीचं पहिलं पान मी चुकून पाहिलं. त्यावर बालवाडीतल्या कुठल्याच मुलाची नोंद नव्हती. 'मुलगी. वय एक वर्ष सहा महिने.' पुढे निरीक्षणाची जागा कोरी. खाली, 'वय दोन वर्षे सहा महिने.' कोरी. असं पाच वर्षे सहा महिन्यांपर्यंत, दर ओळीची शाई वेगळी. मी वही मिटायच्या आत तुम्ही आलात. तुम्ही रागावला नाहीत. "ती माझी," म्हणालात. मग मासळी विकायला निघालेल्या बायांकडे बघत, जणू दुसऱ्या कुणाचं, सांगितलंत: पेणला घर, नवऱ्यानं टाकलं, सासरच्यांनी मुलगी ठेवून घेतली, उंबऱ्यात यायचं नाही म्हणून बजावलं. दीड वर्षाची होती. दूध पिताना तुमच्या कानातल्या कुड्या ओढायची. मी विचारलं, "तिला तुम्ही आठवत असाल का?" तुम्ही म्हणालात, "तेच तर बघते आहे." त्या दिवसापासून मला करवंट्यांकडे पाहवेना.

आता त्या पोरीचं. तिचं घर खाडीलगतच्या खारजमिनीत, भाताच्या बांधाला लागून. तिची आई दुसऱ्या बाळंतपणात गेली तेव्हा ती एकोणीस महिन्यांची होती. वर्षाच्या आत बापानं दुसरी केली. सकाळी पोरीला बालवाडीत आणायला मी जायची, म्हणून मला त्या घरातलं माहीत. आमच्याकडे दुसरेपणावर आलेली बाई मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालते. पहिली गेल्यावर सोनाराकडून चांदीच्या पत्र्यावर बाईचा आकार ठोकून घेतात, नखाएवढा. त्यात नाक-डोळे नावापुरते. कुठल्याही बाईचे असावेत तसे. लग्नात नव्या नवरीच्या गळ्यात मंगळसूत्रासोबत तोही पडतो. मेलेलीनं त्रास देऊ नये म्हणून. ती सावत्र आई माझ्याहून लहानच असेल. पोरीला न्हाऊ घातलं की ती खाली वाकायची, पोरीचं बोट धरून टाकावर टेकवायची आणि म्हणायची, "आयच्या पाया पड." एकदा मी उभी असताना ती टाकाशीच बोलली. "तुजं लेकरू खाऊन-पिऊन हाय, बघ. मी न्हाय नेलं तुज्याकडनं. तू गेलीस." मग माझ्याकडे बघून लाजली आणि म्हणाली, "रोज सांगावं लागतं. न्हायतर रातचं घाबरायला होतं."

तुम्हाला त्या पोरीबद्दल कळलं तेव्हापासून तुमचं मन तिच्यावर होतं. एवढ्या लहान वयात आई गेलेली दुसरी मुलगी आमच्याकडे नव्हती. तिची आई गेल्याला चौदा महिने लोटल्यावर तुम्ही म्हणालात, चल, आपण जाऊन विचारू. एकदाच विचारू. मला तो दिवस दिसतो. भात कापून झालेलं आहे, खारात पांढरं मीठ उमटलं आहे, तुम्ही चपला हातात घेऊन बांधावरून चालता आहात. ओटीवर सासू सूप घेऊन बसली आहे. सावत्र आईच्या मांडीवर पोर. तुम्ही समोर बसता आणि विचारता, "तुझी आई कुठे आहे?" पोर वर बघते. जिच्या मांडीवर बसली आहे तिच्या तोंडाकडे नाही बघत. सरळ गळ्याशी हात नेते आणि टाकावर बोट ठेवते. सावत्र आई मान खाली घालते. सासूच्या देखत पहिलीबद्दल बोलायचं नसतं. सूप थांबतं. 

परतताना तुम्ही मध्येच उभ्या राहिलात.  "तो दागिना तिच्या आईचा," म्हणालात. "दूध पिताना समोर असणार. चौदा महिने, अगं. एक शब्द बोलता येत नव्हता तेव्हाचं. हो ना? तिच्या आईचाच असणार ना तो?"

मी म्हणाले, "हो, बाई."

मी असं का म्हणाले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला तुमची दया आली, हे खरं आहे. पाच कोऱ्या ओळी मला दिसत होत्या, हेही खरं. टाक आई गेल्यावर घडवलेला असतो, पोरीला रोज न्हाल्यावर तो धडा दिला जातो, हे सांगायला मला बांध संपेपर्यंत वेळ होता. बांध लांब होता. तुम्ही पुढे चालत होतात आणि काहीतरी गुणगुणत होतात. तुम्हाला गुणगुणताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

माझं ते 'हो' घेऊन तुम्ही पुढच्याच आठवड्यात पेणला गेलात. कानात मोत्याच्या कुड्या घातल्या होत्या. तुमच्या कानाची भोकं बुजत आली होती, म्हणून मी तेल लावून त्या अडकवून दिल्या. रक्ताचा एक थेंब आला. "दुखतंय का?" विचारलं तर म्हणालात, "दुखू दे." मी तुम्हाला अलिबागपर्यंत सोडायला आले, एस.टी.त बसवलं. तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलात. कानात काही नव्हतं. मी पाणी दिलं ते तुम्ही बाजूला ठेवलंत. मग म्हणालात, "दारात तीच आली. 'कोण पाहिजे?' म्हणाली."  तुम्ही आणखी काही सांगितलं नाहीत. दुसऱ्या दिवशी बालवाडी वेळेवर उघडलीत. करवंट्या मुलांना भातुकलीला देऊन टाकल्यात. वही पेटीत गेली. त्यानंतर तीन वर्षांनी विषमज्वरात तुम्ही गेलात, आणि त्या तीन वर्षांत तुम्ही कुठल्याही मुलाला कशाचीही आठवण विचारली नाहीत. मुलं आपण होऊन काही सांगू लागली तर तुम्ही त्यांना खेळायला पिटाळायचात.

मी पेणचं ते घर पाहिलेलं नाही. तरी मला ते दिसतं. अंगण, ऊन, तुम्ही पायरीच्या खाली उभ्या. तुम्ही परत आलात तेव्हापासून दिसतं, मला कुणी काही सांगायच्या आधीपासून. तुमच्या एका वाक्यातून मी ते उभं केलं आणि आता ते माझ्या स्वतःच्या आईच्या आठवणींहून स्पष्ट आहे. रस्त्यानं जाताना मध्येच दिसतं. फळ्यावर लिहिताना दिसतं. होडीच्या गोष्टीवरून रडणाऱ्या त्या मुलाची मला आठवण होते.

तुमची मुलगी आली तेव्हा तुम्हाला जाऊन दहा वर्षं होऊन गेली होती. मी शाळेत मराठी शिकवत होते. दुपारच्या सुट्टीत शिपाई म्हणाला, पेणच्या कोण बाई आल्यात. मी बाहेर आले. उंची तुमची. चालही तुमची. तिला वाढवणारी आत्या वारल्यावर तिला कुणीतरी सांगितलं होतं, की तुझी आई रेवदंड्याला होती. तिनं इथे कुणाकुणाला विचारलं, त्यांनी माझ्याकडे पाठवलं. आम्ही वर्गात बाकावर बसलो. ती म्हणाली, "मला आई आठवत नाही. काहीच नाही. लोक म्हणतात, वास तरी आठवतो. मला तोही नाही. तुम्ही त्यांच्याजवळ होतात. माझ्याबद्दल काही बोलायच्या?" मी म्हणाले, "दर वर्षी तुझं वय लिहून ठेवायच्या." ती रडेल असं वाटलं. रडली नाही. मी विचारलं, "तुला लहानपणचं काय काय आठवतं?" एवढंच विचारलं. शब्द दिला नाही.

ती आठवून आठवून सांगू लागली. शेजारी गणपतींचा कारखाना होता. रंग द्यायच्या आधी मूर्ती अंगणात ओळीनं ठेवत, डोळे न काढलेल्या, त्यांच्यामधून जायला तिला भीती वाटायची. आत्याच्या हातची आंबोळी. शाळेत पडून फुटलेलं कोपर. "आणि एकदा एक बाई आल्या होत्या," ती म्हणाली. "मी सहा-सात वर्षांची असेन. भर उन्हात दाराशी उभ्या. मी पाण्याचा तांब्या दिला, तर तो घेईनात. खाली बसल्या, कान माझ्या तोंडाजवळ आणला आणि म्हणाल्या, 'ओढ ना.' कानात मोती होते. मी घाबरून आत पळाले. आत्यानं दार लावलं. किती तरी दिवस मला एकटीला अंगणात जाववेना." ती जरा हसली. "अजून कधी कधी स्वप्नात येतात. कोण होत्या देव जाणे. वेडसर असाव्यात."

बाहेर मुलं लंगडी खेळत होती. कुणीतरी 'बाद, बाद' म्हणून ओरडत होतं. माझ्यासमोर तुमची मुलगी बसली होती, तुमची आठवण नाही म्हणून कष्टी झालेली, आणि तुमचीच आठवण मला सांगत होती. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. घंटा झाली. तिला तुमची पेटी दिली, चारच्या एस.टी.त बसवून दिलं. तिनं खिडकीतून हात हलवला. तिला आता नातवंडं असतील.

मी स्वतःला सांगत आले, की मी तुमचा नियम पाळला. शब्द दिले असते तर तिची ती आठवण बदलली असती. भीतीच्या जागी दुसरं काहीतरी बसलं असतं, आणि ते तिचं नसतं, माझं असतं. हे पटण्यासारखं आहे. तुम्हालाही पटलं असतं. पण ते खरं नाही, बाई. 'ती तुझी आई होती,' असं मी म्हणाले असते तर तिनं पुढचा प्रश्न विचारला असता. इतकी वर्षं नाही आणि त्याच दिवशी का आली? कुणी पाठवलं तिला?

त्या प्रश्नाला मी भ्याले.