फाईल कोणाच्या टेबलावर

३ नोव्हेंबर, सोमवार

चार वेळा दाबलं. पैसे जात नाहीत. मी द्यायला तयार, बँकेत पेन्शन पडून आहे, आणि फोन घेत नाही. गिऱ्हाईकाला हाकलून लावणारं दुकान जन्मात पहिल्यांदा पाहिलं!

नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच आठवणार नाही. 'परिचयसेतू' नावाचं लग्न जुळवायचं ॲप आहे. त्यात मी भावनाचं नाव टाकलं — तिला न सांगता. भावना माझी सून. माझा मुलगा ललित कोरोनात गेला, चार वर्षं झाली. माझी बायको इंदूबाई त्याच्याही आधी गेली, तिनं हे पाहिलं नाही ते बरं. घरात आता मी, भावना आणि नात आचल. आचल अकरा वर्षांची, जीभ एकविसाची.

भावना छत्तीसची आहे. मी एकाहत्तरचा. कोचिंग क्लासच्या ऑफिसातून येते, स्कूटी लावते, भाकरी टाकते, झोपते. सकाळी पुन्हा तेच. मी गेल्यावर ही भांडणार कोणाशी?

आज अकोल्याच्या एकाचा निरोप आला. संघपाल नाव. एकेचाळीस वर्षांचा, लाइनमन आहे, फारकत झालेली. निरोपाची सुरुवात तेवढी दिसते: 'नमस्कार. मुलगी सोबत असण्याला माझी हरकत नाही, पण माझी एक अट आहे —' आणि पुढं सगळं धुकं! वाचायचं तर सभासद व्हा, पैसे ॲपच्या आतच भरा.

कसली अट?

पैसे भरायचं बटण दाबलं की येतं: 'मंजुरीसाठी विनंती पाठवली.' ठीक आहे. सातवी पास माणूस असलो तरी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत शिपाई होतो. विनंती पाठवली म्हणजे फाईल टेबलावर गेली. चार वेळा दाबलं तरी फाईल एकच असावी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

'तुमची विनंती नाकारली.' काल संध्याकाळीच आलं होतं, सकाळी पाहिलं.

कारण नाही, शेरा नाही, सही नाही. आमचे साहेब निदान 'चर्चा करावी' असं खरडून फाईल फेकायचे. पुन्हा पाठवली.

५ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा नाकारली. नत्थुजीला विचारलं. हा माझ्याच कचेरीतला दुसरा शिपाई, आता शेजारच्या गल्लीत राहतो. फोनमधलं सगळं कळतं असा त्याचा समज आहे.

म्हणाला, "रिस्टार्ट मार."

"मारला."

"नेट बंद करून चालू कर."

"केलं."

"मंग तो कॅशे असते ना, तो साफ कर."

केला. पंधरा मिनिटं दोघं त्या चार इंचांत वाकून बसलो. साफ झालं म्हणाला. घरातला केर काढल्यासारखं समाधान वाटलं, पण पैसे गेले नाहीत. पुन्हा विनंती!

"घेऊन काय राहिला पन तू?" नत्थुजी विचारतो.

"बुद्धवंदनेचं ॲप."

"वंदनेले पैसे?" चहा नाकातून आला त्याच्या. पंचशील पाळतो म्हणतो मी, आणि खोटं बोललो. चौथं शील मोडलं. पण नत्थुजीशी खरं बोललं तर संध्याकाळपर्यंत बडनेऱ्याला कळेल.

रात्री जेवताना भावनानं विचारलं, "मामाजी, तुमाले काही पायजे हाय का?"

"मले? काही नाही."

"काही घ्याचं असन तर सांगत जा."

"कायी नाही, माय. वरण वाढ."

पळी हातात घेऊन थोडी उभी राहिली. पाहिलं की काय असं वाटलं. पण फोन मांडीखाली होता, तिनं पाहिलेला नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नाकारली. सव्वासहाला.

८ नोव्हेंबर, शनिवार

एक गोष्ट लक्षात आली. मी सकाळी पाठवतो, नकार नेहमी संध्याकाळी सहानंतर येतो. नत्थुजी म्हणतो, "अमेरिकेत तवा सकाळ राहते. साहेब आला, चहा पेला, की पहिली तुहीच फाईल."

असेल. टेबल कोणाचं आहे ते कळलं तर भेटून येता आलं असतं. कचेरीत असताना मी अडकलेली फाईल अर्ध्या तासात शोधून काढायचो. कोणत्या साहेबाचा मूड कधी बरा असतो, कोणाला आधी पाणी नेऊन द्यायचं, सगळं पाठ होतं. इथं पाणी कोणाला नेऊन देऊ?

फोनचं घड्याळ मागं-पुढं असलं की अडतं, असंही नत्थुजी बोलला. भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवलं. भिंतीवरचंच सात मिनिटं मागं निघालं. चला, हे एक काम झालं.

९ नोव्हेंबर, रविवार

आज नकार सकाळी नऊलाच! रविवारीही कामाला लागतात लेकाचे.

अट काय असेल? नोकरी सोडावी लागेल? मुलगा झाला पाहिजे? तसं असेल तर तारेला चिकटू दे त्याला. नाही, असं लिहू नये. लाइनमन आहे बिचारा.

की म्हातारा सोबत नको ही अट? ती तर मला मान्य आहे. मी नत्थुजीच्या ओसरीवर पडेन. नत्थुजी घोरतो, पण आता कुठं मला झोप लागते.

की ललितचा फोटो घरात नको? तो मी ठेवीन माझ्याजवळ. हे सगळं मनात करून झालं, आणि अट अजून वाचलेली नाही.

फोनचं डोकंही ठिकाणावर नाही. व्हिडिओ लावायला गेलो की बाहुल्यांची लग्नं दाखवतो. परवा विचारत होता, राजकन्येची वेणी घालायचा खेळ हवा का? मला! माझ्या डोक्यावर केस किती ते तरी पाहायचं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

भावना आज आल्या आल्या स्वयंपाकाला लागली नाही. माझ्यासमोर बसली.

"मामाजी, आमी तुमाले जड होऊन राहिलो का?"

सकाळी आचलचं दप्तर उचलून रिक्षात ठेवताना मी कंबर धरली होती, त्याचंच विचारते असं वाटलं. म्हटलं, "जड कायचं? अजून दोन वर्सं उचलतो मी."

ती उठून भाजी चिरू लागली. भाजीत मीठ नव्हतं. मी मागितलं नाही.

साडेसहाला नकार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ॲप काढून टाकलं आणि पुन्हा घेतलं. आचलनं शिकवलं — "आबाजी, दाबून धरा, मंग कचऱ्यात फेका." कशासाठी ते तिला सांगितलं नाही. पुन्हा भावनाची माहिती उघडली. अजून तशीच आहे. तीन दिवस खपून लिहिली होती. फोटो आचलच्या वाढदिवसाचा आहे. भावना छान हसते त्यात, पण हातात केकचा चाकू आहे. कापून टाकायला गेलो तर हातही जात होता, म्हणून राहू दिला.

निरोपाखाली बारीक अक्षरात लिहिलंय — १५ नोव्हेंबरनंतर दिसणार नाही. तीन दिवस! आठवी विनंती पाठवली. आत शेरा लिहायची सोय असती तर 'तातडीचे' लिहिलं असतं, लाल शाईनं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आठवी नामंजूर. नववी पाठवली. तीही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहायची लाज वाटते. तरी लिहितो.

राजकमल चौकाजवळच्या देवानंदच्या मोबाईल दुकानात गेलो. चांगला माणूस आहे, चष्मा कपाळावर ठेवून काम करतो. त्याला सगळं सांगितलं. लग्नाचं सोडून.

फोन उघडला, दोन-तीन ठिकाणी बोट फिरवलं. म्हणाला, "आबाजी, तुमचं नाव काय?"

"देवमन."

"या फोनमंदी तुमी आचल हाव. वय अकरा."

मी काही समजलो नाही. तो हसून म्हणाला, "आज चौदा नोव्हेंबर ना? बालदिनाच्या शुभेच्छा."

मग समजावलं. हा फोन आधी आचलच्या शाळेच्या अभ्यासासाठी होता. भावनानं तिच्यासाठी लहान पोरांचं खातं उघडलं होतं. गेल्या वर्षी फोन माझ्याकडं आला, खातं तेच राहिलं. फुकटचं काही घ्या, कोणी विचारत नाही, तशीच सोय करून ठेवलेली आहे. विकतचं घ्यायचं असेल तर विनंती पालकाकडे जाते. पालकानं होय म्हटलं तरच पैसे जातात.

"पालक कोन?" मी विचारलं.

त्यानं फोन माझ्याकडं फिरवला. भावना.

नऊ विनंत्या. नऊ वेळा तिच्या फोनवर वाजलं. नऊ वेळा 'परिचयसेतू' हे नाव तिनं वाचलं. कचेरीतून घरी यायची, हात-पाय धुवायची आणि माझी फाईल फेकून द्यायची. अमेरिका कुठली! टेबल स्वयंपाकघरात होतं, आणि मी शेजारी बसून वरण मागत होतो.

घरी जायची हिंमत होईना. एसटी स्टँडवर बाकावर बसून राहिलो. परतवाड्याच्या तीन गाड्या गेल्या. सातला आचलचा फोन आला — "आबाजी, आई म्हनते जेवाले या. आन् म्हनते, तुमचा फोन स्टँडवर दिसून राहिला, सगळं मालूम हाय, गाडीत बसू नका."

जेवलो. पोळ्या गरम होत्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आचल शाळेत गेली. भावना कामावर गेली नाही. ओट्याशी तुरीच्या शेंगा सोलत बसली. मी समोर बसून सोलू लागलो. ताट दाण्यांनी अर्धं भरलं.

"नऊ वेळा," ती म्हणाली.

"टेबल घरातच हाय हे मले काय मालूम?"

"सोमवारी पहिली आली तवा वाटलं, आचलनं काही दाबलं असन. मंग ॲपचं नाव वाचलं. मंग तुमी झोपल्यावर तुमचा फोन उघडून पाह्यलं कोनाची माहिती टाकली तं." शेंग तोडून टाकली. "तुमाले दोनदा विचारलं. तुमी वरण मांगतलं."

"सरळ काहून नाही विचारलं?"

"तुमी सरळ काहून नाही सांगतलं?"

मी शेंगा सोलल्या.

"मी जड झाली का, मामाजी? घर तुमचं हाय. तसं सांगा."

तेव्हा मला मंगळवारचं दप्तर आठवलं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. म्हटलं, "तू गेली तर या घरात मी भिताडाशी बोलन. हे मी रोज इचार करतो, तरी पाठवून राहिलो होतो. घरातून काढाचीच असती तं एकदा पाठवून गप बसलो असतो. नऊ वेळा कोन पाठवते?"

ती हसली की रडली ते मला कळलं नाही. मी शेंगांकडे पाहत होतो. थोड्या वेळानं म्हणाली, "आज शेवटचा दिवस हाय ना त्या निरोपाचा?"

"तुले कसं मालूम?"

"माह्या नावानं आला. मले नाही मालूम होनार तं कोनाले?" हात पुसले. "दाबा."

दाबलं. दहावी विनंती. ओट्यावर तिचा फोन वाजला. इतक्या जवळ वाजला की मी दचकलो. तिनं बोट लावलं.

"मंजूर. वाचा आता. मोठ्यानं वाचा, मलेबी आयकू द्या."

धुकं गेलं. मी वाचलं. इथं उतरवून ठेवतो, कारण पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं:

'…पण माझी एक अट आहे. ही माहिती कोणा वडीलधाऱ्यांनी लिहिलेली दिसते. भावना यांना स्वतःला हे माहीत आहे का? नसेल तर आधी त्यांना विचारा. त्यांनी स्वतः बोलावं, नाहीतर मी पुढं बोलणार नाही. राग मानू नका. माझं पहिलं लग्न मोठ्यांनी परस्पर ठरवलं होतं, आम्हा दोघांनाही जमलं नाही. ता. क. — फोटोत चाकू आहे.'

मी चष्मा काढून पुसला. एवढीच अट होती, आणि मी मनातल्या मनात बारा दिवस नत्थुजीच्या ओसरीवर झोपून आलो होतो.

"वडीलधाऱ्यांनी लिहिलेली आहे हे कसं कळलं त्याले?" भावनानं विचारलं. फोन घेऊन माझं लिखाण वाचू लागली. "'सदर स्त्री सुस्वभावी असून तिचे वर्तन समाधानकारक आहे.'" माझ्याकडं पाहिलं. "मामाजी, मी बदलीचा अर्ज हाय का?"

चौतीस वर्षांत मी दुसरं काही वाचलंच नाही. तसं सांगितलं. ती फोन घेऊन आत गेली. होय म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तुरीची उसळ मात्र झाली, आणि मीठ होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

भावनानं फोन परत दिला. नवं खातं उघडून दिलंय, माझ्या नावाचं.

"जन्मतारीख?"

"एक जुलै." आमच्या गुरुजींनी आख्ख्या वर्गाची एक जुलैच लिहिली होती. त्या दिवशी सगळं गाव जन्मलं.

आता मी फोनमध्येही म्हातारा आहे. तासाभरात गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती सुरू झाल्या. वेणीचा खेळ बरा होता.

संघपालचं ती काही बोलत नाही. मी विचारत नाही. विचारायचं नाही हे निदान शिकलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कामावरून आली, स्कूटी लावली, अंगणातच उभी राहून फोनवर बोलत होती. भाकरीला उशीर झाला. मी दोन केळी खाल्ली आणि काही म्हणालो नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मी बाहेर खाटेवर, भावना आत. फोन वाजला. तिचाच मेसेज, आतल्या खोलीतून —

'मामाजी, रविवारी अकोल्याला भेटून यावं म्हणते. मंजुरी मिळावी.'

मी 'मंजूर' लिहिलं. पुसलं. मग लिहिलं: सही तुझी तूच कर. शिपाई लागला तर मी बाहेर बसलो आहे.