करंज्याच्या विठूची निगेटिव्ह

मी, आनंदा जगन घरत, वय ७२, धंदा फोटोग्राफी, राहणार खांदा कॉलनी, नवीन पनवेल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. मन संतापलेलं आहे, पण डोकं ठिकाणावर आहे.

१. राहतं घर पत्नी आशालता हिच्या हयातीत तिचं. तिच्या पश्चात मुलगा हरेश व मुलगी प्रांजल यांना निम्मं-निम्मं.

२. स्टुडिओचा गाळा व छपाईचं यंत्र हरेशला. त्याला सगळ्या पनवेलला गोरंगोमटं छापायचं असेल तर खुशाल छापावं. पाटीवरून माझं नाव तेवढं उतरवावं.

३. फिल्म स्कॅनर व निगेटिव्हची सर्व पाकिटं प्रांजलला. हरेशने त्यांना हात लावू नये. कारण असं :

२००९ साली करंज्याच्या कोळीवाड्यातून गंगाबाई कोळी आल्या. त्यांना नवऱ्याचा, विठूचा, मोठा फोटो हवा होता. विठू होडीसकट समुद्रात गेला. त्याचा फोटो एकच, १९८२ साली मी काढलेला. त्याची प्रत हरवली होती, निगेटिव्ह तेवढी माझ्याकडे होती. हरेशने ती स्कॅन केली आणि विठूच्या तोंडावरचे देवीचे व्रण फिल्मवरची धूळ समजून संगणकावर पुसून टाकले. प्रिंट बघून बाई म्हणाल्या, "ह्यो कोन? माजे घोवाचे तोंडाव देवीचे वन व्हते. ह्यो माजा मानूस नाय."

मी हरेशकडे निगेटिव्ह मागितली.

"टाकून दिली, बाबा. स्कॅन झाल्यावर कशाला ठेवायची?"

न पुसलेला स्कॅनही त्याने ठेवला नव्हता. आठ दिवस बसून मी प्रिंटवर व्रण हाताने रंगवून पाहिले. चेहऱ्यावर शाई उडाल्यासारखे दिसत. बाईंना सांगितलं, "निगेटिव्ह शोधतोय." चार वर्षं हेच खोटं सांगत आलो.

४. माझ्यामागे हरेशने करंज्याला जाऊन बाईंना खरं सांगावं, असं इथे लिहिलं होतं. साक्षीदार अरुंधतीबाईंनी ते वाचून पेन खाली ठेवलं. "मेल्यावर मुलाला पाठवणार? आधी स्वतः जाऊन या, मग सही करते."

म्हणून हे कलम रद्द. काल मी जाऊन आलो. गंगाबाई बोंबील वाळत घालत होत्या. सगळं ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत.

"फोटू जाऊं दे," त्या म्हणाल्या. "तू तं त्याला म्होरं बसवून बगलंस. सांग, कसा दिसं त्यो? मना वन आठवतान, तोंड आठवं नाय."

मला खिडकीतला उजेड आठवला. त्याचा चौकडीचा शर्ट आठवला. चेहरा आठवेना.

(सही) आनंदा जगन घरत

वरील सही आम्हा दोघांसमक्ष झाली :
१. अरुंधती केळकर, निवृत्त शिक्षिका, नवीन पनवेल
२. बुधाजी भोईर, रोडपाली

पनवेल, ११ फेब्रुवारी २०१३