बकेटीतलं बदामाचं पान

बाबा, काल संध्याकाळी टाकीतल्या नराने एक पिल्लू तोंडात घेतलं आणि माझा हात आपोआप जाळीकडे गेला. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मधल्या काळात तुम्हाला लिहायला मी दोन-तीनदा बसले होते, पण बसलं की तुमचं पंक्चरचं दुकान, तुमचा तो काळा पडलेला बनियन, तुमचे हट्ट असं सगळं आठवत राहायचं आणि जे लिहायचं ते बाजूलाच पडायचं. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. आजही लागणार आहे.

आर्णीत आपलं दुकान पुढे आणि घर मागे. दुकानाच्या आतल्या भिंतीला लागून लोखंडी स्टँडवर ती तीन फुटी टाकी, म्हणजे ट्रकवाल्यालाही दिसावी आणि स्वयंपाक करताना आईलाही. त्यात रॅम जातीच्या माशांची एकच जोडी. बोटभर लांबीचे, अंगावर निळे ठिपके, डोळ्यांवरून काळा पट्टा आणि मादीच्या पोटावर गुलाबी डाग. एवढ्या मोठ्या टाकीत दोनच मासे बघून लोक तुमची थट्टा करायचे आणि तुम्ही टायर उघडता उघडता हसायचात. मला तर तेव्हाही गंमत वाटायची, की दिवसभर टबात ट्यूब बुडवून बुडबुडा कुठून निघतो ते शोधणारा माणूस मागे वळला की टाकीत बुडबुडे यावेत म्हणून धडपडतो. लोडशेडिंगमध्ये पंप बंद पडायचा. मग तुम्ही आधीच हवा भरून ठेवलेली ट्रकची ट्यूब खिळ्याला टांगायचात, तिच्या व्हॉल्व्हला कंपाउंडरकडून मागून आणलेली सलाइनची नळी जोडायचात आणि त्या नळीचं छोटं चाक अंगठ्याने फिरवत एकेक बुडबुडा मोजूनमापून सोडायचात. नळी आत जावी म्हणून टाकीच्या लाकडी झाकणाला एका कोपऱ्यात दोन बोटं जाईल एवढी खाच पाडली होती. ही खाच पुढे येणार आहे. थंडीत हीटरही बंद पडला की तुम्ही टाकीला आईची गोधडी गुंडाळायचात. आई म्हणायची, "मासे झोपून राह्यले गोधडीत, अन् माही पोरगी कुडकुडून राह्यली." तुम्ही ऐकलंच नाही असं दाखवायचात.

या माशांना आपल्या बोअरचं जड पाणी चालायचं नाही. म्हणून पावसाचं पाणी. पहिले चार-पाच पाऊस छपराची टिनं धुवायला सोडून द्यायचे, मग ड्रम लावायचे, तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधायचं आणि ते पाणी पुढचा पावसाळा येईपर्यंत जपून वापरायचं. घरात प्यायच्या पाण्याची मारामार असताना त्या ड्रमला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. रविवारी विहारात वंदना झाली की आवारातल्या बदामाची गळलेली पानं वेचणं माझ्याकडे. ती वाळवून टाकीत टाकली की पाणी चहासारखं लालसर व्हायचं. येणारा जाणारा म्हणायचा, "पाणी बदलवत नाही काय बाप्पा?" आणि तुम्ही म्हणायचात, "दवाई आहे ते. त्यायच्या गावचं पाणी असंच राह्यते." त्यांचं गाव कुठलं हे तुम्हालाही नक्की माहीत नव्हतं.

नागपूरच्या ज्या दुकानदाराकडून तुम्ही जोडी आणली, त्याने सांगितलं होतं, "अंडे निकालके अलग रखो, ये माँ-बाप के भरोसे नहीं पलते." तुम्ही येताना एसटीत सगळा रस्ता त्याच्याशी मनातल्या मनात भांडत आला असणार, कारण घरात पाय टाकल्या टाकल्या म्हणालात, "ज्यायचे लेकरं त्यायनंच पोसाव. आपण कोन मधात?" तुमची एवढीच इच्छा होती, आईबापांनी वाढवलेला एक तरी घाणा, म्हणजे एका वेळच्या अंड्यांची सगळी पिल्लं, त्या टाकीत मोठा झालेला बघायचा. चार वेळा जोडीने सपाट दगडावर अंडी घातली आणि चार वेळा स्वतःच खाऊन टाकली. दुसऱ्या दिवशी रिकामा दगड बघून तुम्ही म्हणायचात, "शिकून राह्यले अजून." त्यातला एक घाणा माझ्यामुळे गेला. टायरातला काटा शोधायचं तुमचं भिंग तुम्ही मला अंडी बघायला देऊन टाकलं होतं, आणि मी ते काचेवर टकटक वाजवत बसले होते. तुम्ही ओरडला नाहीत. माझे दोन्ही हात धरून माझ्या पाठीमागे नेलेत आणि म्हणालात, "हात मांगं बांधून पाहाले शिक, माय. पाह्यनं बी कामच असते." मला मारलं असतंत तर कमी लागलं असतं.

पाचवा घाणा थंडीतला. मी सातवीत होते. या वेळी अंडी टिकली. तिसऱ्या दिवशी वळवळणारी पिल्लं त्यांनी वाळूतल्या खड्ड्यात नेऊन ठेवली आणि पुढच्या पाच-सहा दिवसांत ती पोहायला लागली, मोहरीहून बारीक, शंभराच्या वर. बाहेर गिऱ्हाईक हॉर्न वाजवतंय आणि तुम्ही टाकीपुढे उकिडवे बसलेले आहात, हात पाठीमागे बांधून. नेमकं तेव्हाच मारेगावला मामाच्या घरचं लग्न आलं. तुम्ही जायला तयार नव्हता. आई म्हणाली, "माशाच्या बाळंतपनासाठी लग्न सोडता काय?" माझी सहामाही परीक्षा, म्हणून मी शेजारच्या काकूंकडे. निघताना तुम्ही सांगितलंत, उकडलेल्या अंड्याच्या बलकाचं पाणी दोन थेंब, लाइट गेली की ट्यूब. "बाकी काही करू नोको. फक्त पाह्य."

मी पाहिलं, बाबा. दिवस मावळताना मी पाहिलं की नर पिल्लांच्या घोळक्यात शिरला आणि एक पिल्लू त्याने गिळलं. मग दुसरं. मग तिसरं. मादी शेजारी नुसती बघतेय. मला रडू फुटलं, तुमच्या इच्छेचं काय होणार म्हणून, आणि हात मागे बांधायचं काही सुचलं नाही. जाळीने त्याला काढलं आणि न्हाणीतल्या बकेटीत सोडलं. बकेटीत बोअरचं पाणी, गारठलेलं. त्याला करमावं म्हणून वर बदामाचं एक पान टाकलं. सकाळी तो आडवा तरंगत होता.

तुम्ही दुपारी आलात तेव्हा तो टाकीखाली फरशीवर होता. मीच ठेवला होता. म्हणाले, "त्यानं उडी मारली, त्या खाचेतून." तुम्ही पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. मासा तळहातावर घेतलात, अंगठ्याने त्याच्या अंगावरून पुसलंत आणि अंगठा बघितलात. मग हात धुवायला न्हाणीत गेलात. बराच वेळ आला नाहीत. बाहेर आल्यावर म्हणालात, "झाकनाले एवढी खाच मीच ठेवली. माही चूक आहे." एकटी मादी भांबावली, आठवड्यात पिल्लं संपली. तिला तुम्ही नागपूरला परत देऊन आलात. नंतर टाकीत गप्पी आले, झाकणाच्या खाचेवर अर्धी वीट आली, आणि रॅमचं नाव तुम्ही पुन्हा कधी काढलं नाहीत. जो येईल त्याला मात्र सांगायचात, माझ्याच बेफिकिरीने नर गेला. मी तिथेच बसून गणितं सोडवायचे.

आता यवतमाळात माझ्या हॉलमध्ये टाकी आहे. पावसाच्या पाण्याऐवजी फिल्टरचं, ट्यूबऐवजी इन्व्हर्टर. पानं मात्र अजून बदामाचीच. पहिले तीन घाणे माझ्याही जोडीने खाल्ले आणि मी तुमचंच "शिकून राह्यले अजून" म्हटलं. या वेळी पिल्लं पोहायला लागली, आणि काल दिवस मावळताना नराने पहिलं पिल्लू तोंडात घेतलं. हात जाळीकडे गेला, म्हणून मी तो पाठीमागे नेऊन दुसऱ्या हाताने घट्ट धरला. नर खाली गेला, वाळूतल्या खड्ड्यावर थांबला आणि त्याने ते पिल्लू अलगद बाहेर सोडलं. मग दुसरं आणून सोडलं. मग तिसरं. अंधार पडायच्या आत तो लेकरं गोळा करून झोपायला आणत होता, बाबा. तुमचा नरही तेव्हा तेच करत होता. मला तेव्हा आणखी थोडा वेळ नुसतं बघत राहायचं होतं, तेवढं जमलं नाही. मी तुमच्या पाचव्या घाण्याचा बाप मारला आणि तुमच्या तोंडून चूक तुमची म्हणवून घेतली. काल टाकीपुढे मी पन्नाशीला आलेली बाई ढसाढसा रडले.

आई सोफ्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. गेल्या वर्षीपासून ती माझ्याकडेच असते. सोलता सोलताच म्हणाली, "तुह्या बाबाचा बी असाच पोसत होता. बकेटीत मेलता ना तो?"

बकेटीचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी विचारलं, "तुले कोनं सांगतलं?"

"त्यायनंच. तवाच. मासा दुकानात पडला असता त रबराची काळी भुकटी लागली असती म्हने त्याले. अन् बकेटीत बदामाचं पान होतं. म्हने, पोरीले काही इचारू नोको. पान टाकलं तिनं, म्हंजे वाचवालेच काहाडला असन."

मग तिने टोपलीतल्या पुढच्या शेंगा घेतल्या. पान मी काढायला विसरले होते, ते तुम्ही काढलंत. आणि पुढे इतकी वर्षं गावभर त्या खाचेची गोष्ट सांगत राहिलात, मी समोर बसलेली असताना. मला वाटायचं, तुम्ही फसलात.

हा कागद घडी करून स्टँडच्या डगमगत्या पायाखाली जाईल, तुम्ही पुठ्ठा घालायचात तसा. एवढं लिहिलं तर राहिलेलंही लिहिते. आई ते बोलली तेव्हा डोळे पुसून मी काय म्हणायला हवं होतं ते मला कळत होतं. तरी मी म्हटलं, "नाही वं आई, त्यानं उडीच मारली होती."