हिरवी वायर

प्रिय स्वरूप,

हे पत्र लगेच पुढं वाचू नकोस. आधी खोलीतून बाहेर ये, पडवीतला मेन स्विच खाली पाड, आणि आईला परसदारच्या नळाला हात लावू देऊ नकोस. खेळ अर्धवट राहिला तर राहू दे, सेव्ह झाला नाही तर नाही. माझ्यावर चिडायचं असेल तर मेन पाडून मग चीड. नंतर ओट्यावर बस आणि सगळं सावकाश वाच.

केलंस का? केलं नसशील तर अजून एकदा सांगते, जा.

तू माझा नंबर ब्लॉक केलायस. आईचा मोबाईल बंद येतोय. म्हणून सकाळी दुकानाचं शटर अर्धंच वर करून मी हे लिहायला बसलेय. रखमाजीकाका भोरला दूध घालून आता विंझरला परत निघतील, त्यांच्या टेम्पोत हे देतेय. तुझ्याच हातात द्या, आईच्या नको, असं त्यांना इतकं बजावलंय की ते म्हणाले, पोरी, म्या काय बहिरा हाय का. मी त्यांच्याबरोबरच आले असते, पण मला तांब्याची तार, अर्थिंगचा पाईप आणि करंट गळाला की आपोआप पडणारा स्विच घ्यायचाय, आणि ते दुकान उशिरा उघडतं. रिकाम्या हातानं येऊन काय करू? नुसती दोन ओळींची चिठ्ठी पाठवता आली असती. पण मी तुला ओळखते. ताईचं परत सुरू झालं म्हणून ती उशीखाली सारली असतीस आणि हेडफोन चढवला असतास. म्हणून सगळं सांगते, पहिल्यापासून.

उन्हाळा आठवतो? तू पाण्याच्या टाकीवर चढून बसायचास, रेंज तिथंच येते म्हणून, आणि मी इथं कुणाचा तरी प्रिंटर उघडून बसलेली असायचे. रोज संध्याकाळी आपलं एकच, कुठला प्रोसेसर, कुठलं कार्ड. आपण लहानपणीसुद्धा एवढं बोललो नसू. पुण्याहून नोकरी सोडून आलास तेव्हापासून तुझ्या तोंडून ‘हं’ सोडून काही निघत नव्हतं. आईनं ताट वाढलं तर जेवायचास, नाही वाढलं तर तसाच. कंपनीचं नाव निघालं की उठून जायचास. मी दर सुट्टीला यायचे, तुझ्या दाराशी बसायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं परत फिरायचे. आणि एक दिवस तूच फोन केलास, ताई, मला मशीन बांधायचंय, अख्ख्या वेल्ह्यात कुणाकडं नसेल असलं. मी दुकानात रडले रे. समोर उत्रोलीचं एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याला वाटलं त्याचा लॅपटॉप गेला.

तुला सगळ्यात भारी प्रोसेसर पाहिजे होता. मी म्हटलं, खेळायला तेवढा लागत नाही, एक पायरी खालचा घे आणि उरलेलं ग्राफिक्स कार्डात घाल, पडद्यावर जे दिसतं ते कार्डाच्या जिवावर. ते तू ऐकलंस. रॅमचंही ऐकलंस. पाण्यावर चालणाऱ्या कूलरवरून मात्र तू अडून बसलास. मी म्हटलं, त्याचा पंप गेला तर विंझरला दुरुस्त करणार कोण, त्यापेक्षा भलामोठा पंख्याचा कूलर घे, धूळ झाडली की झालं. तू रुसलास आणि शेवटी पंख्याचाच घेतलास. मग कॅबिनेट. तुला काचेचं पाहिजे, आत रंगीत दिवे. मी म्हटलं, जाळीचं लोखंडी घे, कारण मी रोज लोकांच्या मशीनमधून मुंग्यांची वारुळं आणि वाळलेल्या पाली काढते. भाटघरच्या एका मास्तरांच्या मशीनमध्ये पालीनं अंडी घातली होती आणि मास्तर म्हणत होते व्हायरस आलाय, हे सांगितलं तेव्हा तू टाकीवर बसून मोठ्यानं हसलास. त्या दिवशी घरी जाऊन मी आमच्या ह्यांना पहिलं काय सांगितलं असेल तर ते, की स्वरूप हसला.

पॉवर सप्लाय तू काही कुरकुर न करता हजार वॅटचा घेतलास. लोक कार्डावर जीव टाकतात आणि पॉवर सप्लाय मिळेल तो बसवतात, तू तसं केलं नाहीस, मला बरं वाटलं. तेव्हाच मी विचारलं, घराला अर्थिंग आहे ना? तू म्हणालास, आहे, ज्ञानू वायरमननं केलंय. मी म्हटलं, अर्थिंगचा खड्डा कुठं काढलाय? असेल कुठंतरी, म्हणालास. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. म्हटलं, थोडं थांब, मी येऊन बघते, तोवर काही चालू करू नकोस. आणि तू फुटलास. तुला माझं काही चांगलं झालेलं बघवत नाही, तू पण पुण्याच्या त्या कंपनीतल्या साहेबासारखीच, एवढं केलं तरी खोट काढतेस. मग माझंही तोंड सुटलं. त्यानंतर तुझा फोन लागला नाही.

मशीन तू एकट्यानं जोडलंस. पहिल्याच फटक्यात चालू झालं हे मला आईकडून कळलं. तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, खोबरं आळीत वाटलं. लई उजेड पडतो गं खोलीत, म्हणाली, आन् त्यो बोलतो त्या मशीनसंगं, हासतो. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू. तू ज्यांच्याशी खेळतोस ती पोरं कुठली, काय, तिला कळत नव्हतं, पण घरात आवाज आला एवढं तिला पुरेसं होतं.

मग पाऊस लागल्यावर एकदा बोलता बोलता ती म्हणाली, आपला परसदारचा नळ गुणाचा झालाय. हात लावला की मुंग्या येतात. शेजारच्या साळूकाकूंची वातानं आखडलेली बोटं त्या मुंग्यांनी मोकळी झाली म्हणे. आता त्या रोज दिवेलागणीला येतात, बरोबर आळीतल्या आणखी कुणीकुणी. ओल्या पायांनी दगडावर उभ्या राहतात आणि नळ मुठीत धरतात. कुणीतरी नळाला कुंकूसुद्धा लावलंय. मी हसले. दुकानात गिऱ्हाइकांना सांगून हसले. आणि हसता हसता विचारलं, मग दिवसभर का नाही धरत? तर आई म्हणाली, दिवसा न्हाई काय हुत, स्वरूप खेळाय बसला की त्यो नळ जागा हुतो.

त्यानंतर मला हसू आलं नाही. मी विचारलं, गाय नळाखालच्या डोणीतलं पाणी पिते का? आई म्हणाली, न्हाई, तोंड लावलं की मागं सरती, आता तिला ओढ्यावर न्यावं लागतं. कुत्रंही तिथं बसत नाही, पूर्वी गारव्याला तिथंच पसरलेलं असायचं. मी आईला तेव्हाच सांगितलं, नळाला हात लावायचा नाही, कुणाला लावू द्यायचा नाही. व्हय व्हय म्हणाली. तिचं ते दोनदा ‘व्हय’ म्हणणं तुला माहीत आहे.

ज्ञानूला मी फोन लावत राहिले, तो उचलेना. काल भोरच्या बाजारात सापडला. मेथीची जुडी हातात घेऊन उभा होता. विचारलं, आमच्या घराचं अर्थिंग कुठं आहे? तो म्हणाला, नळाला बांधलंय की, तुमचे अण्णा होते तवापासनं, समद्यांच्यात तसंच करतो आमी. अगदी सहज म्हणाला. आणि खरंय, अण्णांच्या वेळी ते चालून गेलं. तेव्हा लोखंडी पाईप होता, पार ओढ्याच्या कडेपर्यंत जमिनीत पुरलेला. मग तो गंजला, काढला, आणि काळा प्लास्टिकचा आला. मागल्या दिवाळीला मी घरी होते, माझ्यासमोरच चर बुजवला. भिंतीतून नळापर्यंतचं हातभर लोखंड तेवढं राहिलं. अर्थिंगची हिरवी वायर अजून त्यालाच गुंडाळलेली आहे. ज्ञानूला हे सांगितलं तर तो म्हणाला, पर नळ तर तोच हाय की.

नीट ऐक. तू घेतलास तसल्या पॉवर सप्लायमधून थोडासा करंट लोखंडी कॅबिनेटवर उतरतोच. ती तुझी चूक नाही, तू काही उलटंसुलटं जोडलेलं नाहीस, त्याची रचनाच तशी आहे. हिरव्या वायरीनं तो जमिनीत जायचा. आपल्या घरी तो जमिनीत जातच नाही, नळापर्यंत येतो आणि कुणीतरी हात लावायची वाट बघतो. तेवढ्यानं माणूस मरत नाही, मुंग्या येतात. पण त्या हिरव्या वायरीला घरातलं सगळंच जोडलेलं आहे. गिझर, फ्रिज, मिक्सर. त्यातलं एखादं आतून फुटलं की नळात पुरी लाईन येते. ती वायर कापायला जाऊ नकोस, नळ सुटला तरी तोच करंट तुझ्या कॅबिनेटवर राहील, आणि त्याच्यावर तुझा हात असतो. मी येईपर्यंत कशालाच हात लावू नकोस. खड्डा आपण दोघं मिळून काढू.

काल ज्ञानूला तिथंच सोडून मी बाजारातूनच आईला फोन लावला. आणि तिनं मला सांगितलं ते असं, की परवा तिचा हात नळाला चिकटला. हात सुटंना, म्हणाली. साळूकाकूंनी पदराला धरून तिला मागं खेचलं, दोघी चिखलात बसल्या आणि हसल्या म्हणे. तू तेव्हा आत होतास. स्वरूप, मुंग्यांनी हात चिकटत नाही. घरात काहीतरी फुटलंय, गिझरची कॉइल असेल, नाहीतर माळ्यावरची वायर उंदरानं कुरतडली असेल, मला इथून कळायला मार्ग नाही. मी भर बाजारात ओरडले, त्याला फोन दे, आत्ता दे. ती म्हणाली, न्हाई.

आणि मग तिनं मला दुसरी गोष्ट सांगितली, ज्यासाठी मी खरं हे लिहितेय. नळात येतं ते तुझ्या खोलीतून येतं, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्यानं तिला कधी बरं वाटलेलं नाही. लागतं, दंड दुखतो, ती तेल चोळून झोपते. साळूकाकू नळाची तक्रार घेऊन तुझ्याकडं निघाल्या होत्या, त्यांना थांबवायला, नळ धरला की बोटं सुटतात, ही गोष्ट आईनंच काढली, आणि ती खरी वाटावी म्हणून सगळ्यांच्या देखत स्वतः रोज नळ धरत गेली. काकूंना खरंच गुण आला, की त्यांनी आईचं मन राखलं, देव जाणे. मी विचारलं, का गं असं केलंस? तर म्हणाली, मशीन बंद पडलं तर त्यो परत पुण्याला जाईल, न्हाईतर... आणि त्या न्हाईतरच्या पुढं ती बोलली नाही. पुण्यात तुझ्याबरोबर राहणाऱ्या कुमारनं तुला गच्चीच्या कठड्यावरून खाली आणलं, हे तिला माहीत आहे. मी नाही सांगितलं. त्यानं त्या दिवशी आधी तिलाच फोन केला होता, मग मला. इतके महिने ती तुला वाढते, तुझे कपडे धुते, तू आंघोळीला गेलास की न्हाणीच्या दाराबाहेर काहीतरी निवडत बसते, आणि तुला एका शब्दानं कळू दिलं नाही. काल तिनं माझ्याकडून स्वतःच्या गळ्याची शपथ घेतली, स्वरूपला सांगितलंस तर मी मेले म्हणून समज. तेव्हापासून तिचा मोबाईल बंद आहे, आणि विंझरची शेवटची एसटीही तोवर निघून गेली होती. शपथ मोडली तर ती मरेल असं ती म्हणते, आणि नाही मोडली तर ती कशानं मरेल ते मला माहीत आहे, म्हणून मी मोडली. तुझ्या मशीनचे पंखे थांबले म्हणून ती एव्हाना दारात येऊन उभी असेल आणि तुझ्या तोंडाकडं बघत असेल. तिला सांग, मशीन बंद असलं तरी तू कुठं जात नाहीस. पण खरं असेल तरच सांग, तिला कळतं. आणि खरं नसेल तर काही बोलू नकोस, तिचा हात धरून बसून राहा, मी दुपारपर्यंत येते.

तुझीच,
नूतनताई