दारुमाच्या दुसऱ्या डोळ्यासंबंधी

मी, वासुदेव दत्तात्रय पोंक्षे, वय एकसष्ट, मूळचा पुण्याचा, हल्ली राहणार फुजैरा, संयुक्त अरब अमिराती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या अक्षरात आणि बेडरूमला कडी लावून लिहीत आहे. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती घरात कोणीतरी चोरून वाचली आहेत, असा माझा संशय आहे.

कलम १. पुण्याचा फ्लॅट व ठेवी पत्नी सौ. अपर्णा हिला, तिच्या पश्चात मुलगा कैवल्य व मुलगी मिहिका यांना समसमान. बिल्डर गोड बोलून सही मागेल. देऊ नये.

कलम २. जपानी शब्दकोश आणि ओगुरासाहेबांची कात्रणे मिहिकाला. कैवल्य रद्दीत घालील.

ओगुरासाहेब जपानमधल्या एका किनारी प्रांताचे गव्हर्नर. आपल्याकडच्यासारखे नेमलेले नव्हेत, लोकांनी तीनदा निवडून दिलेले. १९९१ साली ते इथल्या तेलाच्या टाक्या पाहायला आले आणि कंपनीने मला दुभाष्या म्हणून दिले. ते ड्रायव्हरलाही कमरेत वाकून नमस्कार करत. मते मागायची खोड, असे मी मनात म्हटले. पण फुजैरात त्यांना मत देणार कोण होते?

कलम ३. दारुमा. ही कागदाच्या लगद्याची लाल, गोल बाहुली. तिकडे निवडणुकीला उभे राहताना तिचा एक डोळा रंगवतात, जिंकल्यावर दुसरा. १९९५ साली साहेब गव्हर्नरपद सोडून संसदेसाठी उभे राहिले. त्याआधी आमच्याकडे जेवायला आले असता त्यांनी एक डोळा भरून ती मला दिली. दुसरा जिंकल्यावर स्वतः येऊन भरीन, असा शब्द दिला. मी ती खोक्यात घालून कपाटात ठेवली.

साहेब जिंकले, पुढे मंत्रीही झाले. १९९९ साली खरोखरच ब्रश घेऊन आले. खोके उघडले, तर दुसरा डोळा भरलेला, काळ्या मार्करने! साहेबांनी ब्रश खिशात ठेवला.

"पोंक्षेसान, या घरात माझ्याआधी कोणीतरी जिंकलेलं दिसतंय," ते म्हणाले.

हा टोमणा मला आजवर खुपतो. पुढच्या निवडणुकीत साहेब पडले, कारकीर्द खलास. कैवल्य म्हणाला, "बाबा, इट्स जस्ट अ डॉल." म्हणजे मार्कर त्याचाच असणार. पण खरा संशय शेजारी सदानंद लिमये याच्यावर. आम्ही एकाच वर्गात जपानी शिकलो, दुभाष्या मात्र मी झालो. शिवाय माझ्या बायपासच्या वेळी आम्ही दुबईला होतो, तेव्हा तुळशीला पाणी घालायला किल्ली त्याच्याकडे होती.

कलम ४. सदानंदास काहीही देऊ नये. माझ्या अंत्ययात्रेलाही बोलावू नये.

इथवर लिहून चहासाठी कडी काढली. अपर्णाने उभ्याउभ्या सगळे वाचले आणि कागद खाली ठेवला.

"ऑपरेशनसाठी दुबईला निघायच्या आदल्या रात्री मी त्या बाहुलीपुढे हात जोडले होते," ती म्हणाली. "तुम्ही घरी आलात, त्या दिवशी मीच डोळा भरला. नवस फेडायला नको?"

इतकी वर्षे गप्प का, असे विचारले. साहेब पडल्यावर तुम्ही सदानंदभावजींना दारातून परत पाठवलेत, मग तोंड उघडायची भीती वाटली, म्हणाली. मी पेन पुन्हा उघडले.

कलम ४ रद्द. कलम ३ पुरे करतो: दारुमा अपर्णाला. डोळा पुसू नये. तिने माझ्याआधी जाऊ नये, ही अट तिच्यावर बंधनकारक आहे.

साक्षीदार:
१. डॉ. सुनेत्रा भिडे
२. सदानंद लिमये (आज फोन करताच आला. इतक्या लगेच कसा आला, याचा मला संशय आहे.)

सही: वा. द. पोंक्षे
फुजैरा, २१ नोव्हेंबर २००३