रणधीरच्या खुर्चीत

१० जानेवारी, शुक्रवार

आज रणधीरच्या खुर्चीत बसलो!

नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या वाचताना मलाच खरं वाटायचं नाही. मिशनमध्ये लग्नाआधीचा वर्ग सुरू झालाय. तीन दिवसांचा. ख्रिस्ती लोकांत हा वर्ग केल्याशिवाय फादर लग्न लावत नाहीत. तीन जोडपी आहेत. मी गाडीवाला. सकाळी गावोगावची माणसं आणायची, संध्याकाळी सोडायची, मधल्या वेळात गाडीत झोपायचं. कॉलेज सुटल्यापासून हाच धंदा.

तिसऱ्या जोडप्यातली आरोही एकटीच आली. बलभीम मास्तरांची आरोही. माझ्या या वहीतली आरोही! तिचा होणारा नवरा रणधीर चाकणला कंपनीत असतो. साहेबानं रजा दिली नाही. सिस्टरनी त्याला व्हिडिओ कॉल लावला, तर त्याचं तोंड अर्ध्यातच गोठलं. रेंज गेली. सिस्टर दारात येऊन मला म्हणाल्या, "संघपाल, ये, बैस इथं. दोघादोघांनी समोरासमोर बसून करायचंय सगळं. तिनं काय खांबासमोर बसावं?"

सगळे हसले. आरोही हसली नाही. खाली बघत होती. मी जाऊन बसलो.

सिस्टर मूळच्या आळंदकडच्या, मराठी बोलतात पण कानडी चालीवर. फळ्यावर एक माणूस काढला. आत एक छोटा गोल काढला, म्हणजे आत्मा. मग तो गोल पुसला. "असं न्हाई," म्हणाल्या. "शरीर म्हणजे पिशवी न्हाई, आत आत्मा भरलेली. आपल्याकडं शरीर असतं असं न्हाई. आपण शरीर असतो. तुझा हात म्हणजे तूच."

ऐकता ऐकता तंद्री लागली. खिडकीतून वाळलेल्या तुरीचा वास येत होता. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. एक थोडी तडकलेली. ती बांगडी म्हणजे पण तीच का? सिस्टरना विचारायला पाहिजे होतं.

११ जानेवारी, शनिवार

आज शरीरशास्त्र! सिस्टरनी गर्भाशय काढलं फळ्यावर. आम्ही तिघं बाप्ये जमिनीकडं बघायला लागलो. सिस्टर म्हणाल्या, "खाली काय बघता? तिथं शेंगा न्हाईत उपटायला."

मग महिन्याचं चक्र समजावलं. कोणते दिवस कसले, नवऱ्यानं पण ते ओळखायला शिकायचं, दोघांनी मिळून ठरवायचं. जळकोटकडचा एक नवरदेव जरा बोलका. म्हणाला, "म्हणजे वाफसा बघून पेरायचं, तसंच की सिस्टर." सिस्टरनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "जमीन नको म्हणत न्हाई, बाबा. बायको म्हणती. तिचं 'नको' ऐकू आलं पाहिजे. तेवढंच शिकून जावा, बाकीचं विसरला तरी चालंल."

त्याची बायको व्हायची पोरगी एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

परत येताना गाडीत आरोहीचा फोन वाजला. रणधीरच. ती हळू बोलत होती तरी फोनातला त्याचा आवाज ऐकू आला. हा माणूस फोन लावून आधी विचारतो— "बोलू का? वेळ आहे का तुला?" होणाऱ्या बायकोला! बुळा लेकाचा. मी असतो तर...

मी असतो तर काय, ते लिहीत नाही. नुसतं डोळ्यांपुढं आणतो. सास्तूरच्या रस्त्याला दोन्हीकडं ज्वारी, कणसं भरलेली, मधून आमची गाडी चाललीय, बाकीचे सगळे उतरून गेलेत, आणि रस्ता काही केल्या संपत नाही.

१२ जानेवारी, रविवार

थरथरला! तिचा हात थरथरला!

आज शेवटचा दिवस होता. चर्चमध्ये लग्नात वचन देताना उजवा हात उजव्या हातात द्यायचा असतो, त्याचा सराव. सिस्टरनी स्वतः तिचा हात उचलून माझ्या हातात ठेवला. वचनाचे शब्द म्हणायचे नाहीत, म्हणाल्या, ते खरे शब्द आहेत, खेळायचे नाहीत. नुसता हात धरा आणि गप्प उभं राहा.

गार होता हात. आणि थरथरत होता. पाखरू धरल्यावर आत कसं धडधडतं, तसा. मी वर बघितलं तर तिनं डोळे मिटलेले. मला वाटलं, छप्पर उडून गेलंय, वर नुसतं निळं आभाळ आहे आणि आम्ही दोघं पतंगासारखे वर वर चाललोय.

सिस्टर मागून सांगत होत्या. "तोंड खोटं बोलतं. शरीर सहसा खोटं बोलत न्हाई. पण ऐकणाऱ्याला ती भाषा यायला पाहिजे."

मला येते! मला आली!

घरी आलो तर आई म्हणाली, "तीन दिस झालं तोंडावर काय चांदणं पडलंय रं? काय शिकिवत्यात तिथं?" मी सांगितलं, शरीर म्हणजे देणगी, ती द्यायची असते, हिसकायची नसते. आई भाकरी थापत म्हणाली, "ह्यात नवीन काय? आपल्या विहारात तिसरं शील, वंगाळ वागायचं न्हाई म्हणून, रोज म्हणतूस की. का नुसतं ओठ हलिवतूस?"

१३ जानेवारी, सोमवार

दिवसभर उजव्या हातानं काही केलं नाही. स्टिअरिंग धरलं तेवढंच.

१५ जानेवारी, बुधवार

देणगीचा विचार करतोय. मी पण तिला एक देणगी दिलीय. तिला माहीतच नाही!

दुसऱ्या वर्षाला होतो. ती आमच्याच कॉलेजात, पण बायोला. कँटीनमध्ये एक पोरगा तिच्या अंगावरून काहीतरी घाण बोलला— ती उठून गेल्यावर. मी ताटावरून उठलो आणि एकच ठेवून दिली. दात पडला त्याचा. प्राचार्यांपुढं उभं केलं. माफी लिहून दे म्हणाले. मी म्हणालो, "मी नाही मारलं सर, हात उठला." लिहून दिलं नाही. बॅग भरून गावाकडं आलो. आई आठ दिवस बोलली नाही.

आरोहीला कधी सांगितलं नाही. सांगायचं पण नाही. उपकार बोलून दाखवला की त्याची माती होते. पण तिच्या शरीराला कळलंय बहुतेक! म्हणून तर थरथरलं.

१९ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसतो. देव त्यांचा, बाक सगळ्यांचा. फादरनी लग्नाची पहिली सूचना वाचली. आरोही आणि रणधीर, अमुक तारखेला. "या विवाहाला काही अडथळा कुणाला ठाऊक असेल तर त्यानं कळवावं." अशी तीन रविवार वाचतात.

म्हणजे मलाच विचारलं की!

२० जानेवारी, सोमवार

फाट्यावर रेवणसिद्धच्या हॉटेलात सगळं सांगितलं. त्याच्याशिवाय कुणाला सांगणार? चहा गाळता गाळता त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तलाठी फेरफाराची नोटीस लावतो तसंच झालं की हे. मग हरकत घ्यायला तुझ्याकडं सातबारा हाय का त्या पोरीचा?"

मी ग्लास आपटला. तडकला.

"बघ," म्हणाला, "हे असं हाय तुझं. पोरीनं तुला तोंडानं एक शब्द तरी सांगितलाय का?"

"तिच्या हातानं सांगितलं."

"मग तिच्या तोंडाला इचार एकदा. हात थंडीनं पण थरथरतो, राजा."

त्याला काय कळतंय. तीन दिवस सिस्टरच्या वर्गात मी बसलो होतो, तो नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

फादरकडं गेलो. ते बनियनवर वांग्याला पाणी सोडत होते. म्हणालो, मला अडथळा कळवायचाय.

त्यांनी पाइप खाली ठेवला. हसले नाहीत, हे मानायला पाहिजे. "सांग. रणधीरचं आधी कुठं लग्न झालंय?"

"नाही."

"दोघांचं जवळचं नातं निघालं?"

"नाही."

"कुणी जबरदस्ती करतंय तिच्यावर?"

"व्हय!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कोण?"

कोण? बलभीम मास्तर तर गरीब माणूस, कोंबडीला पण हुसकत नाहीत. मी म्हणालो, "तिचा हात थरथरला, फादर. माझ्या हातात."

फादरनी वांग्याचं एक किडकं पान खुडलं. पाणी वाफ्याबाहेर चाललं होतं. मग म्हणाले, "लग्नाआधी मी दोघांना वेगवेगळं बसवून विचारतो. तू स्वतःच्या मनानं आलीस का, कुणाची भीती आहे का. हे सगळ्यांनाच विचारायचं असतं, तू आलास म्हणून नाही. ती नाही म्हणाली तर मांडव घातलेला असला तरी मी लग्न लावणार नाही. आणि हो म्हणाली तर..."

"तर?"

"तर तो पाइप जरा त्या सरीत टाक. तिला गुरुवारी तूच घेऊन ये."

ती नाही म्हणणार. मला माहीत आहे. तिला फक्त कुणीतरी विचारायला पाहिजे.

२२ जानेवारी, बुधवार

गाडी धुतली. सीटची कव्हरं पण. आई म्हणाली, "नवरदेव हाईस का डायवर?"

उद्या हीच गाडी तिला घेऊन परत येईल, आणि ती मोकळी झालेली असेल. मग पुढं काय? तिचा धर्म, माझा धम्म— सिस्टर म्हणाल्या होत्या, अशी पण लग्नं होतात, परवानगी काढावी लागते. होतात की! मग आम्ही दोघं शेताच्या बांधावर बसलोय, हुरडा भाजतोय, तिच्या तळहातावर मी गरम दाणे ओततोय, आणि तो हात आता थरथरत नाही...

२३ जानेवारी, गुरुवार

ती आत, मी कडुनिंबाखाली. दार लोटलेलं. एक शेळी येऊन माझ्या चपलेचा पट्टा चघळत होती, मी हाकललं पण नाही. मला दिसत होतं आतलं सगळं, न बघता. फादर विचारतायत, ती मान हलवतेय. ओठ हलतायत. नाही. नाही. नाही.

बाहेर आली. ओढणी सारखी केली. गाडीत मागं बसली.

फाट्यापर्यंत कसाबसा आलो. मग राहवलं नाही. "काय सांगितलंस?"

"तुला काय करायचंय?"

"सांग की."

"हो म्हटलं."

"मनापासून?"

"मनापासून, संघपाल. मला रणधीर आवडतो. तो मला विचारून बोलतो."

गाडी कडेला घेतली. बाजूच्या रानात बायका तूर बडवत होत्या, धूळ उडून उन्हात सोन्यासारखी तरंगत होती. मी पुढच्या काचेकडं बघत विचारलं, "मग त्या दिवशी हात का थरथरला तुझा? खरं सांग!"

आवाज चढला होता माझा. आरशात बघितलं तर ती दाराच्या कडीवर हात ठेवून बसलेली.

"गाडी चालव," म्हणाली.

२६ जानेवारी, रविवार

दुसरी सूचना. बाकाची कड धरून बसलो. उठलो नाही.

२९ जानेवारी, बुधवार

स्वप्न पडलं. सिस्टर फळ्यावर एक हात काढतायत. मला म्हणतात, हा कुणाचा, ओळख. मी म्हणतो, आरोहीचा. चूक, म्हणतात. पुन्हा ओळख. मी सांगत राहतो, आरोहीचा, आरोहीचा. त्या चूक, चूक म्हणत राहतात, आणि खडूची पांढरी धूळ पडत राहते, अंगणात मोहर पडावा तशी.

सकाळी छान वाटत होतं. का, कळलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

तिसरी सूचना झाली. मी गाडीची काच पुसत होतो. आरोही आपणहून आली. बॉनेटच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली.

"त्या दिवशी कँटीनमधून मी गेले नव्हते," म्हणाली. "दारातच होते. त्या पोराचं रक्त माझ्या ओढणीवर उडालं होतं. त्यानंतर तुझ्या गाडीत बसताना मी कायम मागं बसते, कधी बघितलंस? आणि तोच हात सिस्टरनी उचलून माझ्या हातात दिला. मला कुणी विचारलं न्हाय. त्यांनी न्हाय, तू बी न्हाय. भ्याले होते मी, संघपाल. दुसरं काय न्हाय."

मग म्हणाली, "लग्नाला ये." आणि गेली.

उजवा हात समोर टेबलावर ठेवलाय, डाव्या हातानं लिहितोय. अक्षर लहान पोरासारखं येतंय.

हात उठला, असं म्हणालो होतो प्राचार्यांना.

हात नव्हता तो. मी होतो.